चिखलखोलीतलं घमेलं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. खऱ्या मोठेपणावर लोकांचा विश्वास सहसा बसत नाहीच. तर ऐका. हे कॉलेज मी एकट्यानं बांधलं आहे.

मी एक जुनं घमेलं आहे. लोखंडी, वाटोळं, दोन कानांचं. माझ्या काठाला एक चीर आहे आणि पोटात कायम चिखल असतो. पण रूपावर जाऊ नका. तीन मजले उभे आहेत ना, ते माझ्या पोटातून गेले आहेत.

"घमेल्या, जरा बेतानं."

हे कोपऱ्यातून कोण बोललं ते आधीच सांगून टाकतो. ती तिपाई. लाकडाची आहे, आणि तिच्या तीन पायांपैकी एक जरा आखूड आहे. त्यामुळे तिच्यावर बसणारा कधी स्वस्थ बसत नाही आणि ती दुसऱ्याला स्वस्थ बोलू देत नाही. आम्ही दोघं एकाच खोलीत म्हातारे झालो. तिला एक वाईट खोड आहे. ती कधी खोटं बोलत नाही. असो, दोष कुणात नसतात?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्र्यावर दणकन दाब पडला आणि पत्र्याच्या पोटात खड्डा पडला. तो खड्डा म्हणजे मी. जन्मापासूनच पोट रिकामं, म्हणून कामाला कधी नाही म्हटलं नाही. वाळू, खडी, सिमेंट, विटांचे तुकडे, जे येईल ते. एक बिगारी मावशी होती. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, असे आम्ही दिवसभर शिड्या चढायचो. ती इतरांना सांगायची, "हे घमेलं माझंच हं. याला हात लावायचा नाही. हे डोक्यावर बसतं पण डोक्यात जात नाही." मित्रांनो, आयुष्यात माझं जे काही कौतुक झालं ते एवढंच. मी ते अजून पुरवून पुरवून वापरतो.

मोठी कामंही केली. एकदा जिन्याची एक पायरी गवंड्याच्या हिशेबात कमी पडली, तेव्हा मी स्वतः पालथा होऊन पायरी झालो आणि मोठे साहेब माझ्यावर पाय देऊन वर गेले. एकदा तिसऱ्या मजल्याच्या सळ्यांत ढग अडकला होता. तो मीच भरून खाली आणला. घाईत त्यातला थोडा गिलाव्यात सांडला. पश्चिमेकडच्या भिंतीला अजून ओल येते ती त्यामुळे.

"पाइप फुटलाय तिथला," तिपाई म्हणाली.

इमारत पुरी झाली त्या दिवशी सगळे आनंदात होते आणि आनंदात माणसं भांडी धुवायची विसरतात. माझ्या तळाला ओलं सिमेंट होतं ते तसंच राहिलं. गाडी आली, माणसं दुसऱ्या कामावर गेली, मावशीही गेली. सकाळपर्यंत माझ्या पोटात दगड झाला होता.

न धुतलेलं घमेलं कुणाच्याच कामाचं नसतं. मला इमारतीमागे, कुंपणाजवळ टाकून दिलं. तिथं मी किती वर्षं होतो ते मोजलं नाही. माझ्याखाली एक बेडूक राहायचा आणि तो मला मालक म्हणायचा, एवढं सांगितलं की पुरे. मुलंमुली वर्गात जाताना माझ्यावरून नजर फिरवायची, आणि मला वाटायचं, ही आपल्या पोटातला तो घट्ट दगडच बघतायत. माणसाला लाज वाटली तर तो अंग चोरतो, तोंड फिरवतो, निदान चपलेकडे बघतो. लोखंडाला यातलं काहीही येत नाही. जसं आहे तसं, सगळ्यांसमोर, उताणं पडून राहावं लागतं.

मग एक दिवस ताई आली.

ती कुणाची ताई हे मला माहीत नाही. सगळेच तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठा असलेला शिपाईसुद्धा. केस आखूड, हातात कायम रंगाचे डाग, पायात पुरुषांसारखे जाड बूट. तिनं मला उचललं, बोटांनी टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाली, "आतला आवाज चांगला आहे." मग एक छिन्नी आणली आणि दुपारभर बसून माझ्या पोटातला दगड थोडा थोडा करून काढला. त्या नादात काठाला चीर पडली. ती म्हणाली, "सॉरी हं." मला आयुष्यात कुणी सॉरी म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी त्या चिरेबद्दल आजवर तक्रार केलेली नाही.

ताईला कॉलेजनं तळमजल्यावरची एक खोली दिली होती. पूर्वी तिथं प्रयोगशाळेची मोडकी सामग्री असायची. आता एक लांब मेज, एक नळ, एक खिडकी, मातीची पोती, रद्दी मासिकं, रंगांच्या बाटल्या आणि चारपाच तिपाया. दारावर पाटी होती, 'आर्ट थेरपी'. मुलं मात्र खोलीला चिखलखोली म्हणायची.

इथं कुणाला पाठवायचे, ते समजून घ्या. तुम्ही दूध तापत ठेवलं आणि लक्ष गेलं नाही, तर काय होतं? वरून पांढरंशुभ्र दिसतं. तळाशी करपलेलं असतं. घोट घेतल्याशिवाय कळत नाही. कॉलेजात काही मुलं अशीच आतून करपतात. अभ्यास, परीक्षा, पुन्हा अभ्यास. एक दिवस पुस्तक उघडतात आणि अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसतात. झोप येत नाही, आली तर जात नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हे कुणाला सांगायची लाज वाटते. कारण आजारी पडलं की ताप दाखवता येतो. हे काय दाखवायचं?

ताई त्यांना काही विचारायची नाही. ती म्हणायची, "तुमचा थकवा कसा चालतो ते चालून दाखवा." मुलं हसायची, मग हळूहळू चालायला लागायची. कधी डोळे मिटून चित्र काढायला लावायची. कधी मला पालथं घालून माझ्या पाठीवर प्रत्येकाला आपला आठवडा वाजवायला सांगायची. एकानं नुसता धडाधड वाजवला आणि मग रडला. मी रात्रभर घुमत होतो.

"दोन मिनिटं घुमला असशील," तिपाई म्हणाली.

पण जास्त काम मातीचंच असायचं. आणि मातीचा एक नियम होता. तास संपला की ज्यानं जे केलं असेल ते त्यानं आपल्या हातानं मोडायचं आणि माझ्यात टाकायचं. मी पाण्यानं भरलेला असायचो. माती विरघळायची, आठवड्यानं परत मळली जायची, परत नवं काहीतरी व्हायची. त्या खोलीत भट्टी नव्हती. काही भाजायचं नाही, काही ठेवायचं नाही, काही कुणाला दाखवायचं नाही. ताई म्हणायची, "इथं काही टिकत नाही, म्हणून इथं काही चुकत नाही."

म्हणजे मित्रांनो, पोरांना ज्याची लाज वाटते ते सगळं माझ्या पोटात आहे. वाकडी डोकी, न जमलेली घरं, तोंड नसलेली माणसं. मला तुम्ही कचरापेटी म्हणा. पण कचरापेटीतून कुणी काही परत घेत नाही.

एक उंच मुलगा यायचा, सगळे त्याला लांब्या म्हणायचे. तो दर वेळी मातीची उशी करायचा, तिच्यावर गाल टेकून झोपायचा, आणि तास संपला की गालावर माती घेऊन उठायचा. ताई म्हणायची, "छान." बस.

आणि मग ती आली. पहिली.

हे तिचं टोपणनाव. तिचे बाबा बसमध्ये कंडक्टर होते. मुलीला भेटायला आले की ते हॉस्टेलच्या फाटकातून हाक मारायचे, "पहिली आहे का माझी?" तेव्हापासून कॉलेजनंही तेच धरलं. ती कायम वर्गात पहिली यायची, म्हणून. मागच्या परीक्षेत मात्र तिनं पेपर हातात घेतला, पेन उघडलं, आणि तीन तास पेन तसंच धरून बसली. उत्तरपत्रिका कोरी दिली. उरलेल्या पेपरांना गेलीच नाही. मग प्राचार्यांनी तिला ताईकडे पाठवलं. पुन्हा परीक्षा द्यायची संधी होती, काही आठवड्यांनी. घरी तिनं फोनवर सांगितलं होतं, पेपर उत्तम गेले.

ती आली ती वही घेऊनच आली. तिपाईवर ताठ बसली आणि विचारलं, "ताई, या विषयाला अभ्यासक्रम आहे का?"

"नाही गं."

"मग मूल्यमापन कसं करता?"

"करत नाही."

"म्हणजे काहीतरी बघतच असाल ना तुम्ही. भावना किती खोल वगैरे."

लांब्यानं उशीवरून डोकं उचललं. "मला मागच्या आठवड्यात झोपेत डिस्टिंक्शन मिळालं," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. ताई म्हणाली, तुझा थकवा चालून दाखव, तर तिनं विचारलं, "किती पावलं?" माझ्या पाठीवर आठवडा वाजवायला सांगितला, तर तिनं आधी दुसऱ्यांचे ऐकून घेतले आणि मग सगळ्यांत चांगला वाजवला. सगळं बरोबर होतं आणि त्यात तिचं काहीही नव्हतं. करपलेल्या दुधावरची साय होती ती.

पहिल्यांदा माझ्याजवळ आली तेव्हा तिनं माझ्यात डोकावून विचारलं, "हे स्वच्छ आहे का?" माझ्या तळाला गंज आहे. तो पाण्यात उतरतो आणि मातीत तांबूस रेघ येते. मला इतकं ओशाळवाणं वाटलं की मी कान पाडले.

"तुझे कान रिव्हेट केलेत," तिपाई म्हणाली.

मनातल्या मनात पाडले. पुढं ऐका. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तिनं एक कप केला. साधा चहाचा कप, कान असलेला. पण असा कप मी पाहिला नव्हता. भिंत सगळीकडून सारखी पातळ, काठ ओठासारखा मऊ. चमच्याच्या पाठीनं ती तो घासत बसली, घासत बसली, तो चकाकायला लागला तरी थांबेना. ताई नुसती बघत होती. तास संपला. सगळे उठले, आपापलं मोडून माझ्यात टाकलं. पहिलीही माझ्यापाशी आली, माझ्यावर वाकली. तिच्या हातात एक मातीचा गोळा होता, तो तिनं टाकला. कप तिच्या ओढणीखाली होता.

मी ओरडलो असतो, पण घमेल्यांनी ओरडायची पद्धत नाही.

कपाचं पुढं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तिनं तो हॉस्टेलच्या खिडकीत सुकवला. सुकलेली कच्ची माती दगडासारखी टणक होते. बोटानं वाजवली तर टणटण वाजते. नाही सांगितलं तर कुणालाही भाजलेली वाटेल. त्या दिवशी बाबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "निकाल कधी?" तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "बाबा, मला कलेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. कप केलाय मी." निकालाचं विचारणं तेवढ्यापुरतं टळलं.

पण कंडक्टर बापाला अशी बातमी देऊ नये. ती पूर्ण मार्गावर जाते.

पुढच्याच आठवड्यात, ऐन तासाच्या वेळी, दारात एक माणूस उभा राहिला. खाकी गणवेश, खांद्यावर चामड्याची पिशवी, हातात थर्मास. अंगठा तिकिटांच्या शाईनं काळा पडलेला. "ताईसाहेब कोण?" त्यांनी विचारलं. "नमस्कार. पहिलीचा बाप. गाडी अर्धा तास उभी आहे, म्हटलं आभार मानून यावं. आमच्याकडं सात पिढ्यांत कुणाला रेघ सरळ मारता आली नाही, आणि हिनं कलेत नंबर काढला."

ताईनं पहिलीकडे बघितलं. पहिली मेजाकडे बघत होती.

"बसा ना," ताई म्हणाली. दुसरं ती काय म्हणणार?

"आणि हा बघा." बाबांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कप काढला. हॉस्टेलवरूनच आले होते, तिच्या मैत्रिणीनं फाटकात आणून दिला म्हणाले. "मी म्हटलं, पहिला चहा यातून आपणच प्यायचा. ताईंच्या समोर."

मित्रांनो, तुम्हाला आता कळलं असेल. तेव्हा त्या खोलीत तीन माणसांना कळलं होतं, आणि एका घमेल्याला.

"आणि एका तिपाईला," तिपाई म्हणाली. "ती माझ्यावर बसली होती. थरथरत होती. मी पायांनी ऐकलं."

बाबा दुसऱ्या एका तिपाईवर बसून थर्मासचं झाकण फिरवत होते. ताई म्हणाली, "थांबा, मी तुम्हाला दुसरा..." आणि फळीकडे वळली. लांब्या म्हणाला, "काका, एक मिनिट." पहिलीचं तोंड उघडं होतं आणि पेनसारखंच अडकलं होतं. बाबांनी चहा ओतला. वाफ आली. त्यांनी कप उचलून सगळ्यांना दाखवला, जणू करंडक देतायत तिला.

आधी काही झालं नाही. मग कपाच्या बुडाशी एक काळा डाग उठला. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "चहाला मातीचा वास चांगला लागतो," ते म्हणाले, आणि कपाचा कान त्यांच्या हातात राहिला. बाकी कप खाली बसला. पडला नाही, फुटला नाही, थकलेलं माणूस बसतं तसा त्यांच्या मांडीवर खाली बसला. खाकी शर्टावरून तांबूस चिखल उतरायला लागला.

"अगं," ते म्हणाले, "बिस्किटाचा केलायस की काय?"

कुणी हसलं नाही. ते स्वतः हसले होते, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"भाजलेला नाही तो, बाबा," पहिली म्हणाली.

"म्हणजे बक्षीस असं कच्च्यालाच देतात?"

"बक्षीस नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नाही मिळालं. स्पर्धाच नव्हती." ती थांबली. "आणि परीक्षापण नाही दिली मी. पेपर कोरा दिला."

बाबांच्या हातात अजून कपाचा कान होता. तो ठेवावा कुठं ते त्यांना कळेना. त्यांनी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "मी सगळ्या पासवाल्यांना सांगितलंय गं. परवा एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातात साखर ठेवली. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"दहावीला सांगितलंत तसंच काहीतरी सांगा."

"दहावीला? दहावीला तर तू पहिली आली होतीस."

"दुसरी," ती म्हणाली. "मी दुसरी आले होते. तुम्ही गाडीत पहिली सांगत होतात. मी मागच्या सीटवर होते, तुम्हाला दिसले नाही. आणि पुढच्या सीटवर, बाबा, जी खरी पहिली आली होती ना, तिची आई बसली होती."

बाबांनी कपाचा कान मुठीत मिटला.

"काय म्हणाली ती?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही तिला तिकीट दिलंत. तिनं घेतलं, अभिनंदन म्हणाली. उतरताना तिनं मला बघितलं आणि हसली. चांगलं हसली. म्हणून तर मला..." तिनं मेजावरची माती नखानं खरवडली. "तेव्हापासून मी पहिलीच येतेय. म्हटलं, तुमचं खोटं राहायला नको."

मित्रांनो, मी सिमेंट वाहिलं आहे, खडी वाहिली आहे, ढगसुद्धा वाहिला आहे. पण त्या माणसाची मान त्या वेळी जेवढी खाली गेली, तेवढं ओझं मी कुणाच्या मानेवर पाहिलं नाही. त्यांनी शर्टाकडे बघितलं. मग ताईकडे. "हे कुठं टाकायचं?" त्यांनी विचारलं.

ताईनं माझ्याकडे बोट केलं.

ते आले, उकिडवे बसले आणि मांडीवरचा चिखल ओंजळीनं माझ्यात टाकला. शेवटी तो कान टाकला. सुकी माती पाण्यात पडली की फस्स आवाज येतो, बुडबुडे येतात. बाबा ते बुडबुडे बघत बसले. पहिली उठली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. आधी तिनं हात मागं घेतला. मग कोपरापर्यंत माझ्यात घातला आणि तळाचा गाळ ढवळायला लागली, जोरात, माझ्या गंजासकट. पहिल्यांदाच ती काहीतरी असं करत होती जे चांगलं करता येत नाही. बाबा म्हणाले, "बाही भिजली बघ तुझी." ती म्हणाली, "तुमची पण." एवढंच. मग बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ते तसेच चिखलाच्या शर्टानं धावत गेले.

त्या मातीला पुढं कितीतरी दिवस चहाचा वास येत होता. लांब्या म्हणाला, त्याच्या उशीला झोपच येईना.

तोच एकदा पहिलीच्या बाबांच्या गाडीनं आला आणि सांगू लागला. गाडीत कुणीतरी विचारलं, "काय हो, मुलगी कितवी आली?" कंडक्टर बराच वेळ तिकिटं फाडत राहिले. मग म्हणाले, "यंदा नाही बसली परीक्षेला. दमलीय. माती मळते." "कान लाल झाले होते त्यांचे," लांब्या म्हणाला. "पण पुढच्या स्टॉपवर दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं."

पहिली येत राहिली. वही आणायची बंद झाली. तिनं एकदा मातीचा एक भयंकर वेडावाकडा प्राणी केला, धड गाय नाही, धड खुर्ची नाही, आणि स्वतःच हसत हसत माझ्यात बुडवला. मी सांगतो, त्या प्राण्यानं बुडताना मला नमस्कार केला. तिपाई काही म्हणाली नाही, म्हणजे तेवढं खरं धरा.

पण त्या फेरपरीक्षेचा दिवस जवळ येत होता. ती पुन्हा कमी बोलायला लागली. एकदा तिनं ताईला विचारलं, "नाही गेले तर लोक काय म्हणतील?"

ताई म्हणाली, "म्हणतील काहीतरी. जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर पुढच्या खेपेला जा. पण गेलीस तरी लपून जाऊ नकोस, आणि नाही गेलीस तरी लपून राहू नकोस."

"आणि बाबा?"

"त्यांना विचार ना. त्यांचाही तास आहे की इथं आता," ताई म्हणाली. कारण सुट्टीच्या दिवशी तेही येऊ लागले होते. त्यांना काही करता यायचं नाही. ते मातीचे नुसते चपटे तुकडे करायचे आणि फाडायचे. हाताची सवय, दुसरं काय.

आता ऐका, मित्रांनो, परीक्षेच्या सकाळी काय झालं ते. हेच सांगायला मी एवढा वेळ घेतला. त्या सकाळी पहिली उठली, हसली, आणि थेट परीक्षेच्या हॉलमध्ये गेली. पेन उघडलं मात्र, ते थांबेचना. पुरवण्या संपल्या, शेजारच्या कॉलेजातून मागवाव्या लागल्या. पेनातून धूर निघाला. पर्यवेक्षकांनी पंखा तिच्याकडे वळवला. निकाल लागला तेव्हा ती साऱ्या कॉलेजात पहिली होती, साऱ्या विद्यापीठात पहिली होती, आणि मार्क इतके होते की काही मार्क पुढच्या वर्षासाठी ठेवून द्यावे लागले. बाबांनी गाडीला फुगे बांधले. म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, मित्रांनो, की ओली माती असो, जुनं घमेलं असो, नाही तर दमलेली मुलगी असो, नीट जपली तर शेवटी ती पहिलीच...

"खोटं," तिपाई म्हणाली.

मी म्हटलं, गोष्टीत थोडं इकडंतिकडं चालतं.

"हे चालत नाही. त्या सकाळी परीक्षेची घंटा झाली तेव्हा ती माझ्यावर बसली होती. दार सताड उघडं होतं आणि पेपरला जाणारी सगळी पोरं तिला बघत होती. तिची मान खाली होती, कान लाल होते, पण ती उठली नाही. तिचे बाबा खाली जमिनीवर होते, गणवेशात. दोघं तुझ्यातली माती काढून मळत होते. तू तिथंच होतास घमेल्या, तुझ्याच पोटात त्यांचे हात होते. आणि तुलासुद्धा तिला पहिली आणल्याशिवाय गोष्ट संपवता येत नाही?"